सत्तावीसशे शेहेचाळीस कुठून आला

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं कार्ड जूनमध्ये आलं आणि मी आज उत्तर लिहिते आहे. कामाचा फार व्याप होता असं लिहिणार होते, पण व्याप तेवढा नव्हता. कार्ड माझ्या टेबलाच्या खणात होतं. खण रोज उघडावा लागायचा, कारण किल्ल्याही त्यातच असतात. यावरून काय ते समज.

कार्डावर तीनच ओळी होत्या. "तुझ्या यंत्राने चार हजार सत्त्याऐंशीचे अवयव पाडले असं पेपरात आलं आहे. उत्तर आधी माहीत होतं का? आणि सत्तावीसशे शेहेचाळीस कुठून आला?" ना कशी आहेस, ना जेवतेस का. मला हसू आलं, आणि मग ते गेलं.

तर उत्तर देते. यंत्राला उत्तर माहीत नव्हतं. एकसष्ट आणि सदुसष्ट हे अवयव आम्ही त्याला सांगितले नव्हते. काम सुरू करायला एक आकडा घ्यावा लागतो आणि त्यावरून पुढचं चालतं. तो सोयीचा बघून घेण्याची आमच्यात रीत आहे. सत्तावीसशे शेहेचाळीस हा तसा सोयीचा आकडा होता. पेपरवाल्यांनी तो छापायची खरं तर काही गरज नव्हती.

आता यंत्राबद्दल. खोलीला खिडकी नाही. छतापासून ते टांगलेलं आहे, सोन्याचा मुलामा दिलेल्या चकत्या एकाखाली एक, मधून केसासारख्या तारा. उघडं असतं तेव्हा झुंबर दिसतं, चालू असतं तेव्हा पांढरं पिंप. पाहुणे नेहमी चालू असताना येतात आणि हिरमुसतात. सगळ्यात खालच्या चकतीवर नखाएवढी चिप आहे, तिच्यात एकतीस क्यूबिट. साध्या संगणकाच्या घरात शून्य असतं नाहीतर एक. क्यूबिटमध्ये दोन्हींचं मिश्रण राहू शकतं, जोवर कुणी त्याच्याकडे बघत नाही तोवर. बघितलं की एकच उरतं. लोकांना वाटतं, हे यंत्र सगळी उत्तरं एकदम काढतं. तसं नाही. चुकीची उत्तरं एकमेकांना खोडत जातील आणि बरोबर ते उरेल, अशी मांडणी करावी लागते. म्हणजे शेवटी हे खोडण्याचंच काम. तू मला जे नाव ठेवलंस ते वाया गेलं नाही.

ते गार ठेवणारे आमचे तंत्रज्ञ आहेत, सगळे त्यांना बर्फोबा म्हणतात. दोन ग्रहांमधल्या पोकळीपेक्षाही ते यंत्र थंड ठेवतात आणि स्वतः दोन स्वेटर घालतात.

मी बरी आहे. जेवते. तू तब्येतीला जप.

तुझी,
खोडरबर


२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. "मला एवढंच हवं होतं" असं तू लिहिलंस आणि त्याखाली रेघ मारलीस. पण रेघ अक्षरांच्या मधूनच गेली आहे. ओळीही एकमेकींवर चढल्या आहेत. तुझं अक्षर असं कधीच नव्हतं. आणि डोळ्यांबद्दल एवढंच एक वाक्य: "डोळ्यांचं विचारू नकोस, कान शाबूत आहेत, मूर्खांचं बोलणं अजून स्वच्छ ऐकू येतं." हे काय झालं? डॉक्टर काय म्हणतात?

मोजणीदारकाकांचं मला काहीच माहीत नव्हतं. मला वाटत होतं, ते अजून दर गुरुवारी चारला येतात, वेताच्या खुर्चीत बसतात, आणि तुम्ही दोघं एखाद्या कोड्यावरून भांडता. ते जमिनी मोजायचे तेव्हापासूनचं हे. मी टेबलाखाली बसून ऐकायची.

तू लिहिलेलं पुन्हा इथे उतरवते आहे, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही. "पेपरातली बातमी त्यानेच मला वाचून दाखवली. मग पेपराच्या कडेला काहीतरी गुणाकार केले आणि म्हणाला, बाई, हा आकडा आभाळातून पडलेला नाही. पोरीने आधी हद्दीचे दगड रोवलेत आणि मग मोजणीची साखळी ओढली आहे. मी म्हटलं, माझ्या पोरीची साखळी मी ओळखते. तो म्हणाला, मग विचारा तिला. मी म्हटलं, विचारते, आणि तिचं उत्तर येईपर्यंत या घरात पाऊल टाकू नका. बाहेर भुरभुर होती तरी छत्री न घेताच गेला, गाढव."

आणि पुढे: "आता तुझं उत्तर आलं. आता तो क्षमा मागायला आला तरी दार उघडणार नाही. आठ महिने वाट पाहिली ती फुकट गेली नाही."

आत्या, मला वाटत होतं, मी गप्प आहे तोवर काहीच घडत नाही. माझ्या खणात एक कार्ड पडलंय, एवढंच. तिकडे आठ महिन्यांचे गुरुवार रिकामे जात होते हे मला कसं कळणार? म्हणजे, विचारलं असतं तर कळलं असतं.

त्यांना बोलाव ना. शंका घेणं हा काही गुन्हा नाही. तूच आम्हाला शंका घ्यायला शिकवलंस. मोजणी करणारा माणूस, त्याला वाटलं, तो बोलला. त्यांचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. म्हणजे त्यांनी ज्या बाजूने पाहिलं त्या बाजूने.

मला आज दिवसभर ती गणिताच्या पुस्तकाची शेवटची पानं आठवत होती. तुला आठवतात का? मी आठ वर्षांची, सततच्या तापामुळे शाळेत न जाणारी, आणि स्वयंपाकघरातलं टेबल हीच शाळा. तू उत्तरांची पानं फाडून शिवणाच्या डब्यात ठेवली होतीस. मला ती सापडली. हौदाला दोन नळ, एक भरणारा आणि एक गळका, त्या गणिताचं उत्तर मी पाहिलं आणि तिथून मागे मागे येत पायऱ्या लिहिल्या. तू वही हातात घेतलीस, उजेडात धरलीस आणि विचारलंस, "आज खोडलं नाहीस?" एवढंच. माझ्या प्रत्येक गणितात कागद फाटेपर्यंत खोडलेलं असायचं, आणि हे एक स्वच्छ.

मी रडायला लागले तर तू म्हणालीस, "चुकलेलं गणित मला तपासता येतं. चोरलेलं कसं तपासू?"

शिक्षा केली नाहीस. ती पानं पिठाच्या खळीने पुस्तकाला परत चिकटवलीस, आणि पुस्तक माझ्याच उशाशी ठेवलंस. त्यानंतर मी शेवटची पानं कधी उघडली नाहीत. दादा उघडायचा आणि मला चिडवायचा.

हे मी का लिहिते आहे कोण जाणे. उशीर झाला, सकाळी प्रयोगशाळेत जायचं आहे.

डोळ्यांचं कळव.

तुझी,
खोडरबर


२१ मार्च

प्रिय आत्या,

अक्षर मोठं काढते आहे. बघ जमतं का.

दादाचा फोन आला होता, तुझ्याकडे येऊन गेल्यावर. म्हणाला, "ती भिंत धरून चालते. खिडकीशी बसून भिंगाने एकेक शब्द वाचते. तुझ्या पत्राला दोन दुपारी लागल्या तिला. मी म्हटलं, आण, मी वाचतो, तर म्हणते कशी, तू गाळतोस! मोजणीदार स्वल्पविरामसुद्धा वाचायचा." मग तो हसला आणि मग म्हणाला, "अगं, काय लिहितेस तू तिला? पत्र उशीखाली ठेवते. आल्यागेल्याला सांगते, माझ्या पोरीने मला खरं कळवलं म्हणून. दूधवाल्यालासुद्धा सोडलं नाही."

दाराच्या मागे अजून ती छत्री टांगलेली आहे, असंही म्हणाला.

तुला यंत्राचं पुढचं सांगते. हे तुला आवडेल, कारण हे तुझंच आहे.

क्यूबिट फार विसराळू असतात. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात सगळं विसरतात. शिवाय शंभर-दोनशे कृतींमागे एक तरी चुकते, आणि कामाचं गणित करायला कोट्यवधी कृती लागतात. म्हणजे चूक पकडून दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण चूक पकडायला बघावं लागतं, आणि बघितलं की सगळं पुसलं जातं. मग करायचं काय?

तू काय करायचीस ते आठव. मी, दादा आणि शेजारची गोबरी, तिघांना एकच बेरीज, तीन पाट्या. तू पाट्या बघायचीच नाहीस. हातात वाटी-चमचा असायचा. मला आणि दादाला विचारायचीस, "तुमचं सारखं आहे का?" मग दादाला आणि गोबरीला, "तुमचं?" आमचं सारखं आणि त्यांचं वेगळं, तर गोबरी चुकली. उत्तर काय आलं हे न बघता कोण चुकलं ते तुला कळायचं. आत्या, जगभरची हुशार माणसं आज हेच करायला बघताहेत. एकेका भरवशाच्या क्यूबिटमागे शेकडो विसराळू क्यूबिट बसवायचे आणि मधल्यामधे नुसतं विचारत राहायचं, तुमचं सारखं आहे का. थोडंथोडं जमायला लागलं आहे. पण मोठ्या कामाला असे लाखो लागतील आणि आमच्याकडे एकतीस आहेत, त्यातले चार रुसलेले.

ते झालं तर काय होईल? औषधाचा रेणू कसा वागेल हे आज आपण अंदाजाने ठरवतो, कारण त्याचा खरा हिशोब साध्या संगणकाच्या आवाक्यात नाही. निसर्ग ज्या नियमांनी चालतो त्याच नियमांनी हे यंत्र चालतं, म्हणून ते त्याची नक्कल करू शकेल. हे खरं आहे. मी हे मनापासून मानते. दहा वर्षं, वीस वर्षं, मला माहीत नाही. तुझ्या डोळ्यांसाठी नक्कीच उशीर होईल. हे लिहायला नको होतं.

मंगळवारी चहाच्या टेबलावर बर्फोबांनी खिशातून नाणं काढलं. म्हणाले, "बघा हं, हे माझं क्वांटम यंत्र. गार करावं लागत नाही. छापा पडला तर पुन्हा फेकायचं, काटा पडला तर बोला, एकसष्ट आणि सदुसष्ट!" फेकलं. काटाच पडला. सगळे खो खो हसले. मीही हसले.

आत्या, त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं आहे.

तू कार्डावर विचारलं होतंस, उत्तर आधी माहीत होतं का. मी लिहिलं, यंत्राला माहीत नव्हतं. तू यंत्राला विचारलंच नव्हतंस. तू मला


१८ एप्रिल

प्रिय आत्या,

मधे एक पत्र लिहिलं होतं, ते टाकलं नाही. शेवट नव्हता त्याला.

येत्या रविवारी आमची प्रयोगशाळा लोकांना बघायला खुली आहे. तोच चार हजार सत्त्याऐंशीचा प्रयोग पुन्हा दाखवायचा आहे आणि तो मी दाखवायचा, असं आमच्या प्रमुख बाईंनी ठरवलं आहे. "तूच बसवलास, तूच दाखव," म्हणाल्या. त्यांनी ते कौतुकाने म्हटलं. 

तू आजकाल फिरायला जातेस का? की दार लावूनच बसतेस?

रविवारनंतर लिहीन.

तुझी,
खोडरबर


६ मे

आदरणीय मोजणीदारकाका,

तुमचा पत्ता दादाने मिळवून दिला. छापखान्याच्या वर, तिसरा मजला. लहानपणी मी तुमच्या साखळीच्या कड्या मोजायची आणि दर वेळी वेगळा आकडा यायचा, ती मी.

सोबत आत्याला लिहिलेलं पत्र आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. तुम्ही ते तिला वाचून दाखवावं अशी विनंती आहे. अक्षर मुद्दाम बारीक काढलं आहे, तिला भिंगानेही एकटीने वाचता येऊ नये म्हणून. दादा गाळतो.

तुम्ही आधी वाचलंत तरी चालेल. वाचल्यावर जायचं की नाही हे तुम्ही ठरवा. तुमच्यावर माझा काही हक्क नाही. अकरा महिने तुम्ही माझ्यामुळे त्या घराबाहेर आहात. तुम्ही खोटे नव्हतात आणि ते फक्त मला माहीत होतं.

गुरुवारी चार वाजता ती घरीच असते. दार उघडायला वेळ लागेल, ती भिंत धरून येते. दोनदा वाजवून निघून जाऊ नका.

आपली,
खोडरबर (बाईंची भाची)


६ मे

प्रिय आत्या,

हा आवाज मोजणीदारकाकांचा आहे, शब्द माझे आहेत. त्यांना आत घेतलं असशील तरच तुला हे ऐकू येतंय. आणि दारातच उभं ठेवलं असशील तर, काका, तुम्ही दारातूनच वाचा, मोठ्याने. तिचे कान शाबूत आहेत.

उत्तर आधी माहीत होतं. मला माहीत होतं.

आता दुसऱ्या प्रश्नाचं. सत्तावीसशे शेहेचाळीस मी बनवला. यंत्राने शोधायचं असतं ते असं: एक आकडा घ्यायचा, त्याला त्यानेच गुणत जायचं, दर वेळी चार हजार सत्त्याऐंशीने भागायचं, आणि किती पावलांनी बाकी पुन्हा एक उरते ते पाहायचं. पावलं कळली की अवयव हाती येतात. कुठलाही आकडा डोळे मिटून उचलला तर पावलं बहुधा शंभरावर निघतात, सहाशे साठपर्यंतसुद्धा जातात. तेवढी मोजायची ताकद आमच्या यंत्रात नाही. पण दोनच पावलांत एकावर परत येणारे आकडेही असतात. चार हजारांत असे कामाचे दोनच आहेत, आणि ते नेमके हुडकायचे तर अवयव आधी माहीत असावे लागतात. मी एकसष्ट आणि सदुसष्ट कागदावर लिहिले आणि तिथून मागे मागे आले. तू टेबलावर शिकवलेल्या भागाकारानेच. चार ओळींत आकडा आला. एकदाही खोडावं लागलं नाही.

मग यंत्राला विचारायचं काय उरलं? एक पाऊल की दोन. हे नाणंही सांगतं.

मी ते फसवायला केलं नव्हतं. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, कारण प्रत्येक जण हेच म्हणतो. दोन क्यूबिटांच्या तारा बदलल्या होत्या, त्या नीट जोडल्या गेल्यात का ते बघायला सोपं गणित हवं होतं. म्हणून ती चाचणी होती. दुसऱ्या दिवशी पाहुणे आणि पेपरवाले यायचे होते. आमच्या प्रमुख बाई मागून येऊन बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे वा, हेच दाखवू या." मी म्हटलं, "पण बाई, हे तर..." त्या म्हणाल्या, "ज्यांना कळतं त्यांना कळेल गं. बाकीच्यांना झुंबर बघायचं असतं."

इथे मी पूर्ण वाक्य बोलायला हवं होतं.

माहितीपत्रक मीच लिहिलं. त्या एका ओळीचे अकरा मसुदे केले, खोडले, शेवटी लिहिलं, "योग्य असा आकडा निवडून." योग्य म्हणजे काय ते लिहिलं नाही. मला त्या शब्दाचं समाधानसुद्धा वाटलं. यात खोटं कुठे आहे, असं मी स्वतःला विचारलं आणि कुठेच नाही असं उत्तर आलं. पेपरात माझा फोटो आला. दादाने तो चौकटीत लावला. मग तुझं कार्ड आलं.

सगळ्या गावात दोनच माणसांनी तो आकडा उचलून बघितला. त्यातल्या एकाने सांगितलं आणि दुसरीने माझ्यासाठी त्याला घराबाहेर काढलं.

काका, इथे थांबू नका. खोकला आल्यासारखं करू नका. वाचा.

फेब्रुवारीत मी तुला खरं लिहायलाच बसले होते. पण "यंत्राला माहीत नव्हतं" हे वाक्य सुचलं आणि ते इतकं स्वच्छ होतं की मी तिथेच थांबले. मला वाटलं, तू त्यातली फट बघशील आणि मला पकडशील, नेहमीसारखी. वही उजेडात धरशील. मी तुझ्या डोळ्यांच्या भरवशावर खोटं लिहिलं आत्या, आणि तुझे डोळेच गेलेले. तू दोन दुपारी भिंगाने एकेक अक्षर गोळा करून माझं खोटं वाचलंस आणि ते उशीखाली ठेवलंस. यापेक्षा तू मला थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं.

रविवारचं सांगते. चाळीस-पंचेचाळीस माणसं होती. मी म्हटलं, सुरुवातीचा आकडा तुमच्यापैकी कुणीतरी द्या. बाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मागून एक म्हातारी शिंपीण, गळ्यात टेप तशीच, म्हणाली, "एकशे तेरा." मी आठवडाभर बसून खरी मांडणी तयार ठेवली होती, हजारो कृतींची. ती लावली. यंत्राने हजार वेळा करून पाहिलं आणि पडद्यावर सगळे खांब सारख्याच उंचीचे आले, कापलेल्या गवतासारखे सपाट. म्हणजे काहीच नाही. नुसती खरखर.

मी म्हटलं, "आज आमच्याकडे खरं असं एवढंच आहे. मागच्या वर्षी दाखवलं ते मी उत्तर बघून मांडलेलं होतं."

कुणी ओरडलं नाही. दोघंतिघं चहाकडे गेले. शिंपिणीने विचारलं, "मग जमणार कधी?" मी म्हटलं, "माहीत नाही." ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस, मला वाटलं माझाच आकडा वाईट." आणि एकशे तेरा तिच्या घराचा नंबर आहे, असं सांगून गेली.

नंतर बाई खोलीत आल्या, दार लावलं. "तुला शहाणपण सुचायला आजचाच दिवस मिळाला? आणि खोटं कुठे छापलं होतं आपण?"

मी म्हटलं, "खोटं छापलं नव्हतं. खरं लपेल असं छापलं होतं. मीच छापलं होतं."

त्यांनी टेबलावरचं जुनं माहितीपत्रक उचललं. मग म्हणाल्या, "दुरुस्तीचं पत्रक लिही. खाली दोघींची नावं घाल. माहितीपत्रकावर सही माझी होती." आणि दाराशी जाऊन, "पण मला आधी सांगायचंस. तोंडावर बोलवत नव्हतं तर चिठ्ठीत, पण आधी." तेही खरंच होतं. खरं बोलतानाही मी कुणाला तरी अंधारात ठेवलंच. मला ते नीट जमत नाही अजून.

आता पाहुण्यांसमोर मला पाठवत नाहीत. मी बर्फोबांच्या हाताखाली आहे, पाच क्यूबिट घेऊन तुझं तीन पाट्यांचं काम करते. नुसतं विचारत राहायचं, तुमचं सारखं आहे का. या पंधरवड्यात एकदा बारा वेळा ओळीने चूक पकडली. बर्फोबांनी एक स्वेटर काढून ठेवला.

यंत्र खोटं नाही, आत्या. त्याला विटाळलं ते मी. हे तू कुणाला सांगणार असशील तर एवढं वेगळं करून सांग. आणि दूधवाल्यालाही सांगावं लागेल.

मला क्षमा कर असं लिहिणार होते, पण ते मागायला हे पत्र नाही. मला यायचं आहे, पण तू बोलावल्याशिवाय येणार नाही. ती छत्री मात्र त्यांना आजच दे. पावसाळा तोंडावर आला आहे.

आणि माझ्या शब्दावर आता विश्वास ठेवू नका, दोघांनीही. खात्री करून घ्या. काका, तिला पाटी द्या, मोठा खडू द्या. सत्तावीसशे शेहेचाळीसमधून एक वजा करा आणि एकसष्टने भागा. मग त्याच आकड्यात एक मिळवा आणि सदुसष्टने भागा. बाकी काय उरते ते बघा, म्हणजे आकडा कशावरून घडवला ते कळेल. तिचं तिला करू द्या, तुमचं तुम्ही करा. एकमेकांच्या पाटीत डोकावू नका. काय आलं ते मला कळवू नका, मला ते माहीत आहे, आधीपासून माहीत होतं.

तुमचं दोघांचं सारखं आलं का, तेवढंच कळवा.

खोडरबर